मीराबाईंचा काळा-पांढरा फोटो

माझ्या नवऱ्याने आठ रंगांच्या शायांचा प्रिंटर घरात आणला, तो काळे-पांढरे फोटो छापायला. हे मी शाळेच्या स्टाफरूममध्ये सांगितलं तेव्हा सगळ्याजणी खो-खो हसल्या. मीही हसले, पण घरी येऊन ज्ञानदीपसमोर नाही हसले. तो पीथमपूरच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहे, आणि त्याच्या यंत्राला हसलं की तो आपल्याला खुर्चीत बसवून सगळं मुळापासून समजावून सांगतो.

तरीही त्याने समजावलंच. रंगीत प्रिंटर निव्वळ काळ्या शाईवर करड्या छटा नीट काढू शकत नाही. निळी, गुलाबी, पिवळी, सगळ्या शाया चिमूट चिमूट एकत्र करून तो आपल्याला करडं दाखवतो. एक चिमूट इकडची तिकडे झाली की फोटो हिरवट तरी होतो नाहीतर गुलाबी.

"मग नुसती काळीच वापरा ना," मी म्हटलं.

"मग गालांवर रवा सांडल्यासारखे ठिपके दिसतात," तो म्हणाला. "आईच्या गालांवर रवा चालेल तुला?"

नाही चालणार. त्या गालांसाठीच तर हा सगळा खटाटोप होता.

मीराबाई म्हणजे माझ्या सासूबाई. गेल्या उन्हाळ्यात त्या गेल्या. त्यांच्या पहिल्या वर्षाच्या पुण्यानुमोदनाला महूहून, नागपूरहून सगळे नातेवाईक येणार होते, आणि बुद्धमूर्तीशेजारी ठेवायला त्यांचा फोटो हवा होता. मी या घरात सून म्हणून आले तेव्हा बारावी झालेली होते. "चूल काय पळून जाते का कुठे, तू आधी शिक," असं म्हणून आईंनी मला कॉलेजात घातलं, मग बी.एड.ला. माझी दोन्ही मुलं त्यांनी मांडीवर वाढवली. आज मी गणिताची मास्तरीण आहे आणि वर्गात माझा आवाज चढतो तो त्या बाईच्या जिवावर. असं ऋण फिटत नाही आणि फेडायलाही जाऊ नये. पण एक फोटो नीट व्हावा, एवढी माझी इच्छा होती.

कुठला फोटो, हे बाबांनी ठरवलं होतं. बाबा म्हणजे माझे सासरे धोंडिबा, सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. लग्नानंतर महूच्या एका स्टुडिओत काढलेला आईंचा एकटीचा फोटो. वीस-बावीस वर्षांच्या आई, पदर खांद्यावरून घेतलेला, आणि चेहऱ्यावर असं हसू की फोटोग्राफर काहीतरी बावळटासारखं बोलला असणार. मूळ फोटोतलं कपाळ कसरीने खाल्लं होतं, पण बाबांच्या पत्र्याच्या पेटीत निगेटिव्ह शाबूत निघाली. नंतरच्या काळातले रंगीत फोटो ढीगभर होते. त्यांत आई एकतर पंगतीत वाढत असायच्या, नाहीतर त्यांचे डोळे मिटलेले असायचे.

बाजारातल्या एका लॅबने त्या निगेटिव्हवरून जो फोटो दिला त्यात आई हिरवट दिसत होत्या. बाबांनी तो हातात घेतला, उलटा केला आणि टेबलावर ठेवला. त्याच आठवड्यात ज्ञानदीपने प्रिंटर मागवला.

प्रिंटर वरच्या खोलीत बसला. मुलं शिकायला पुण्याला गेल्यापासून ती खोली रिकामीच होती. तिथे टेबल, कॉम्प्युटर, माझं साड्यांचं कपाट. ज्ञानदीप सुट्टीच्या दिवशी सकाळपासून तिथे ठाण मांडून बसायचा. आधी करड्या चौकोनांची एक पट्टी छापायचा, पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत, आणि ती खिडकीशी धरून डोळे बारीक करून बघायचा. निळसर वाटली की निळी शाई कमी करायचा, पुन्हा छापायचा. शेवटी एके दिवशी त्याने हाक मारली. मी पिठाच्या हातांनी वर गेले. आई कागदावर आल्या होत्या. ना हिरव्या, ना गुलाबी. अगदी करड्या, स्वच्छ. गालांवर एक ठिपका नाही.

"जमलं," मी म्हटलं, आणि पिठाच्या हातांनीच त्याच्या पाठीवर थाप मारली.

तो फोटो घेऊन आम्ही खाली गेलो. राजेंद्र नगरमधल्या आमच्या घराला पुढे ओटला, म्हणजे उघडा ओटा आहे, आणि बाबांचा दिवस तिथेच जातो. पेपर तिथे, चहा तिथे, येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशीही तिथेच. बाबांनी चष्मा पुसला, फोटो समोर धरला. बराच वेळ बघितला.

"पिवळी आहे," ते म्हणाले.

"बाबा, यात पिवळं काही नाहीये. शाई मोजून घातलीये मी."

"पिवळी आहे रे."

यावर हसता येत नव्हतं. आईंचं लिव्हर खराब झालं होतं. ज्या बाईने आयुष्यात दारूचा वासही घेतला नाही, तिचं लिव्हर. शेवटच्या महिन्यांत त्या पिवळ्या पडत गेल्या. आधी डोळे, मग तळवे, मग सगळंच अंग. आम्ही रिपोर्ट, औषधं, डॉक्टरांचे फोन यांत पळत होतो. बाबांना ती पळापळ नव्हती. ते पलंगाशी बसून त्यांचा हात धरायचे आणि तो हात दिवसेंदिवस पिवळा होताना बघायचे.

ज्ञानदीप फोटो घेऊन वर गेला. बाबांच्या समाधानासाठी त्याने पिवळं कमी केलं, पण तो कागद त्याला वर निळा दिसायला लागला. मग त्याने पुन्हा निळं कमी केलं, आणि गाडी होती तिथेच आली. पुन्हा फोटो खाली, पुन्हा "पिवळी आहे". असं किती वेळा झालं ते विचारू नका. एकदा संध्याकाळी तो स्वतः ओटल्यावर उभा राहून बघायला गेला, तेव्हा समोरून तिरपं ऊन येत होतं. "या उन्हात पांढरी मांजर धरली तरी पिवळी दिसेल," असं म्हणून तो परत आला, आणि ओटल्यावरच्या उजेडाचा विषय त्याच्यापुरता संपला.

बाकी उरले बाबांचे डोळे. दोन्हींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मागेच झालं होतं. तरी आम्ही त्यांना दाखवून आणलं. डॉक्टरांनी ठिपक्याठिपक्यांत लपवलेले आकडे वाचायला दिले. बाबांनी परेडवर हजेरी द्यावी तसे सगळे आकडे घडाघडा वाचले आणि विचारलं, "पास?"

"एकदम पास, सुभेदार साहब," डॉक्टर म्हणाले. मग ज्ञानदीपला बाजूला घेऊन हळूच बोलले. डोळे उत्तम आहेत. कधीकधी दुःखात असं होतं. वेळ जाऊ द्या.

हळू बोललेलं बाबांना नेमकं ऐकू येतं. घरी आल्यावर मी चहा ठेवला तर ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. ते कधी तिथे येत नाहीत.

"यशोधरा," ते म्हणाले, "डॉक्टर सही बोलतोय बहुतेक. डोळे मिटले की मला ती पिवळीच दिसते. इतकी वर्षं सोबत काढली आम्ही, और याद क्या रहा? तर ते शेवटचे दिवस. मला वाटलं होतं, तो फोटो समोर आला तर पहिलीवाली दिसेल. पण आता फोटोतही तशीच दिसते, म्हणजे माझ्याच नजरेत बसलीये ती. तुमचा काय दोष? लावून टाका कोणताही."

"बसा, चहा घ्या," मी म्हटलं. ते चहा न घेताच गेले. मला रडू येत होतं आणि रागही येत होता. राग नक्की कुणाचा ते कळेना, म्हणून तो मी कुकरवर काढला.

त्या दिवसानंतर बाबांनी फोटोचं नाव काढलं नाही. ज्ञानदीप वर जाऊन यंत्राकडे बघत नुसता बसायचा. मी दुसऱ्या तयारीला लागले. पुण्यानुमोदनाला आमच्याकडे बायका पांढरी साडी नेसतात, आणि माझी जुनी पांढरी साडी काठाला विरली होती. शाळा सुटल्यावर मी मल्हारगंजमधल्या एका दुकानात गेले. पांढऱ्या साड्या म्हणजे सगळ्या सारख्या, असं पुरुषांना वाटतं. एक दुधी असते, एक मोतिया असते, एक नीळ दिल्यासारखी असते, आणि दुकानातल्या दिव्यांखाली त्या सगळ्या सख्ख्या बहिणी दिसतात. दुकानदाराला हे माहीत होतं आणि मलाही.

"दीदी, बाहर ले जाके देख लो नी," तो म्हणाला. "यहाँ लाइट में कुछ नी समझेगा."

मी साड्या घेऊन दुकानाच्या पायरीवर आले. गल्लीतल्या सावलीत एकेक उघडून बघितली. दुधी परत केली, निळसर परत केली. जी कुठल्याच बाजूला झुकत नव्हती, ती घेतली.

घरी येऊन वरच्या खोलीत ती कपाटात ठेवायला उघडली, तर साडी निळसर! चक्क नीळ जास्त झालेल्या धुण्यासारखी. माझं डोकंच फिरलं. दुकानदाराने घडी बदलली, याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही. पण भांडायला जायच्या आधी खात्री करावी म्हणून मी साडी घेऊन खाली ओटल्यावर आले. पांढरीशुभ्र. पुन्हा वर नेली. निळसर. परत खाली. पांढरी. बाबा पेपराच्या वरून माझ्याकडे बघायला लागले.

पुन्हा जिना चढताना मी मध्येच थांबले, आणि पहिल्यांदाच वरच्या खोलीच्या भिंतींकडे पाहिलं.

आमचं घर आतून निळं आहे. बाबांनी ते बांधलं तेव्हापासून निळं आहे, भिंती आणि छतसुद्धा. दरवर्षी चौदा एप्रिलच्या आधी नव्याने हात मारला जातो, आणि रंगाऱ्याने डबा उघडला की बाबा स्वतः काडी बुडवून छटा तपासतात. हा रंग म्हणजे बाबांची मान ताठ असण्याचा भाग आहे. लग्न होऊन आले तेव्हा सुरुवातीला मला आपण पाण्याच्या टाकीत राहतोय असं वाटायचं. मग कधीतरी ते वाटणं बंद झालं, आणि भिंती दिसणंही.

मी टेबलावरचा आईंचा शेवटी छापलेला फोटो उचलला. साडीवर ठेवला. वरच्या खोलीत तो करडा होता, अगदी निर्मळ. मग साडी आणि फोटो दोन्ही छातीशी धरून खाली धावले. ऊन अजून ओटल्यावर आलं नव्हतं. सावलीत मी साडी बाबांच्या समोर बाकावर पसरली आणि तिच्यावर फोटो ठेवला.

साडी पांढरी होती. आई पिवळ्या होत्या. कपाळ, गाल, पदर, सगळं. कुणाही माणसाला दिसलं असतं, आंधळा सोडून.

"बाबा," मी म्हटलं, "पिवळी आहे."

त्यांनी पेपर खाली ठेवला. "क्या बोली?"

"पिवळीच आहे फोटोत. तुमचे डोळे बरोबर आहेत. पहिल्या दिवसापासून तुम्ही बरोबर सांगत होतात. आम्हीच चुकलो."

"तुला दिसते?"

"मला दिसते. कुणालाही दिसेल. वरच्या खोलीत दिसत नाही, कारण भिंती निळ्या आहेत."

बाबांनी मला पुन्हा विचारलं, खरंच दिसते का. मी पुन्हा सांगितलं. मग त्यांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसत बसले, पुसून झाला तरी. इतके दिवस तो माणूस स्वतःच्याच नजरेला आरोपी समजून बसला होता, आणि आम्ही शिकलेसवरलेले तिघं, मी, माझा नवरा आणि डॉक्टर, त्याच्याकडे मायेने बघत मान हलवत होतो. त्या मायेची मला लाज वाटली. पण लाजेपेक्षा जास्त वाटली ती कृतज्ञता. बाबांनी पहिल्याच वेळी "ठीक आहे" म्हटलं असतं, आमच्या कष्टांकडे बघून म्हणू शकले असते, तर ती पिवळी आई आम्ही हौसेने फ्रेम करून लावली असती. ते हटून बसले. त्या हट्टाचे माझ्यावर उपकार आहेत.

ज्ञानदीप कारखान्यातून आला तेव्हा मी त्याला बूटही काढू दिले नाहीत. साडी त्याच्या हातात दिली आणि त्याला वर-खाली, वर-खाली फिरवलं. दुसऱ्या फेरीत तो वरच्या खोलीच्या मधोमध उभा राहिला आणि छताकडे बघून म्हणाला, "अरे भिया." त्याचा जन्म महूचा, पण कळत्या वयापासूनचा सगळा काळ या भिंतींत गेला. ज्या रंगात वाढला तो रंग त्याला रंग म्हणून दिसतच नव्हता. खिडकीतून आलेला उजेड निळ्या भिंतींवर आपटून कागदावर पडत होता, आणि कागदावरचा तो निळेपणा काढायला हा पठ्ठ्या आईतलं निळं काढत बसला होता.

"खोली राखाडी रंगवावी लागेल," तो म्हणाला.

"जा," मी म्हटलं, "बाबा ओटल्यावरच आहेत. सांगा जाऊन."

तो काही गेला नाही.

त्याऐवजी रविवारी सकाळी आम्ही ओटल्यावर दुकान मांडलं. ज्ञानदीप वर छापणार, मी जिन्यावरून कागद आणणार, आणि बाबा बाकावर बसून बघणार. साडी तिथेच पसरून ठेवली होती, पांढरं कशाला म्हणायचं ते नजरेसमोर राहावं म्हणून. करड्या चौकोनांची पट्टी आधी आली. बाबांनी ती साडीवर ठेवली आणि पलटणीच्या आवाजात वर ओरडले, "अजून पिवळी!" पुढची आली. "कमी झाली! अब थोडी हरी है!" गल्लीतून जाणारे थांबायला लागले. समोरचे चौहानजी म्हणाले, "सुभेदार साहब, कौन सी परेड चल री है?" बाबांनी त्यांनाही बोलावून पट्टी दाखवली आणि त्यांचं मत घेतलं. चौहानजींना काही कळलं नाही, पण त्यांनीही हिरवं आहे असं सांगितलं. माझे गुडघे बोलायला लागले तरी मी काही बोलले नाही. वर्षभरात बाबांचा एवढा मोठा आवाज कुणी ऐकला नव्हता.

मग एक पट्टी आली आणि बाबा गप्प बसले. त्यांनी ती साडीवर ठेवली, सरकवली, फिरवली. "हं," एवढंच म्हणाले. मी वर जाऊन ज्ञानदीपला सांगितलं, आता आईंना काढा.

फोटो घेऊन तो स्वतःच खाली आला, कागद दोन्ही तळव्यांवर तोलत. "हात लावू नका, शाई वाळू द्या. ओली असताना रंग वेगळा दिसतो." मग आम्ही तिघंही बाकावर बसून आईंचा फोटो वाळायची वाट बघत राहिलो. मी मध्ये एकदा चहा केला. ज्ञानदीपने घड्याळ बघितलं, पुन्हा बघितलं, आणि मग फोटो बाबांच्या हातात दिला.

मला तर बघूनच भरून आलं. काळं खरोखर काळं होतं, केसांत आणि डोळ्यांत. पदर साडीसारखाच पांढरा होता. आणि मधला चेहरा, तो रुंद, गहिरा चेहरा, हसू दाबता न आलेला, कुठल्याच बाजूला झुकत नव्हता.

ज्ञानदीपला गप्प बसवत नव्हतं. "बाबा, एक सांगतो. ही इथे बरोबर आहे, पण हॉलमध्ये ठेवली की भिंतींमुळे जराशी निळी दिसेल. हॉलसाठी वेगळी काढून देऊ?"

"त्या हॉलमध्ये आपण सगळेच निळे दिसतो," बाबा म्हणाले. "ती काय मेहमान आहे? राहू दे आमच्यासारखी."

मग त्यांनी फोटो मांडीवर ठेवला, पाठ बाकाला टेकवली आणि डोळे मिटले.

ते काय करतायत ते मला कळलं. स्वयंपाकघराच्या दारातलं बोलणं मी ज्ञानदीपला सांगितलं होतं, त्यामुळे त्यालाही कळलं. त्याने माझं मनगट पकडलं. बाबांचा चेहरा स्थिर होता. पापण्यांखाली बुबुळं हलत होती, कुणाला तरी शोधत असल्यासारखी. मी मनातल्या मनात आईंना म्हटलं, या हो, एवढ्या एका वेळी या.

"सावळी आहे," बाबा म्हणाले.

आम्ही दोघं त्यांच्याकडे झुकलो.

"सावळी आहे, आणि हसतेय," ते म्हणाले. त्यांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलं नाही. "त्या फोटोवाल्यालाच हसत होती, बावळट होता तो. अरे ज्ञानदीप, तुला सांगितलं का कधी मी? ऐक."

आणि डोळे न उघडताच ते सांगायला लागले.